सिक्लिडला खायला काय द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिक्लिडसाठी सगळ्यात बेस्ट खाद्य कोणतं?

असं विचारलं की पहिला उलटा प्रश्न येतो, मासा कुठला? कारण सिक्लिड हे काही एका माशाचं नाव नाही, माशांच्या अख्ख्या कुळाचं आहे, त्यात आत्तापर्यंत १७०० च्या वर जाती नोंदवल्या गेल्यात. एंजल पण सिक्लिड, डिस्कस पण सिक्लिड, ऑस्कर पण सिक्लिड, आफ्रिकेतल्या मलावी तलावातले निळे-पिवळे मासे पण सिक्लिड, आणि फ्लॉवरहॉर्न तर माणसांनी क्रॉस करून काढलेला सिक्लिड. यातला एक दगडावरचं शेवाळ खरवडून खातो आणि दुसरा अख्खा मासा गिळतो, त्यामुळे पॅकेटवर नुसतं 'सिक्लिड फूड' लिहिलंय म्हणून उचललं तर ते तुमच्या माशाला सूट होईलच असं नाही. आधी जात नक्की करा, मग खाद्य.

पण माझा मासा तर काहीही टाकलं तरी खातो, मग एवढा विचार कशाला?

गोची तिथेच आहे! सिक्लिड अधाशी असतात, तुम्ही काचेजवळ गेलात की शेपटी हलवत वर येतात आणि आपल्याला वाटतं बिचारा उपाशी आहे. कारेल लीम नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये एक गंमत मांडली होती, की ज्या सिक्लिडचं तोंड आणि जबडा एका विशिष्ट खाण्यासाठीच घडलेला असतो तोसुद्धा सोपं, मऊ काही समोर आलं की आधी त्याच्यावरच ताव मारतो. म्हणजे शेवाळ खरवडणाऱ्या माशासमोर चरबीदार अळ्या टाकल्या तर तो नाही म्हणणार नाही, उलट तुटून पडेल. तलावात अशी चैन त्याला कधीतरीच मिळते, टँकमध्ये मात्र आपण रोज दोनदा वाढतो. त्यामुळे 'खातो' आणि 'मानवतं' या दोन गोष्टी वेगळ्याच धरायच्या, निवड आपण करायची, माशावर सोडायची नाही.

मग कुठल्या माशाला काय, हे कसं कळणार?

तो निसर्गात कुठे राहतो आणि तिथे काय मिळतं ते बघायचं, बाकी सगळं त्यातूनच येतं.

म्बुना, म्हणजे मलावीतले खडकांत राहणारे मासे, दगडावरचा शेवाळाचा थर आणि त्यातले बारीक जीव खरवडून खातात. अशा खाण्यात पोषण कमी आणि चोथा जास्त, म्हणून आतडं लांबलचक असतं आणि दिवसभर थोडं थोडं खाणं चालू असतं. आफ्रिकेतल्याच टांगानिका तलावातला ट्रोफियस याच पंथातला, आणि खाण्याच्या बाबतीत तर म्बुनापेक्षाही नाजूक. यांना स्पिरुलिना (सूक्ष्म शेवाळाची पूड), समुद्री शेवाळ असलेलं, प्रोटीन बेताचं असलेलं खाद्य. डेमासोनीसारख्या म्बुनांना तर अगदी सांभाळून. इलेक्ट्रिक यलो मात्र म्बुना असूनही किड्यांकडे जास्त झुकणारा आहे, त्याला थोडं प्राणिज खाणं चालतं.

मलावीतलेच पीकॉक वाळूच्या वर स्थिर राहून आत लपलेल्या किड्यांची हालचाल टिपतात, डोक्यावर त्यासाठी संवेदना टिपणारी छिद्रं असतात त्यांच्या. म्हणजे झिंगा, क्रिल (झिंग्यासारखे बारीक समुद्री जीव), कीटक असलेलं खाद्य. व्हेनस्टस, लिव्हिंगस्टोनी हे शिकारी, लिव्हिंगस्टोनी तर तळाशी मेल्यासारखा पडून राहतो आणि जवळ आलेला छोटा मासा गट्ट करतो. फ्रंटोसा पण मांसाहारीच, फक्त निवांत.

अमेरिकेतले बघितले तर ऑस्कर हा छोटे मासे, किडे, गोगलगायी, झिंगे आणि अधूनमधून वनस्पती असं सगळं खातो. सेव्हेरमला पाला आवडतो, टँकमधली झाडं त्याच्यासमोर टिकत नाहीत, उआरू तर त्याचाही बाप. जिओफेगस वाळू तोंडात भरून चाळतो आणि कल्ल्यातून बाहेर सोडतो. एंजल, रॅम बारीक किडे-अळ्या टिपणारे. डिस्कस मिश्र खाणारा, आणि त्याच्या तोंडाचा आकार बघाल तर बारीक दाणाच लागतो.

ऑस्कर दाणा तोंडात घेतो, थुंकतो, परत घेतो. खाद्य आवडत नाहीये का?

बहुतेक वेळा तो चावत असतो. सिक्लिडच्या घशात जबड्याची दुसरी जोडी असते, बाहेरचं तोंड पकडायला आणि आतला जबडा दळायला. नीट बघा एकदा, दाणा आत जातो, गळ्याजवळ हालचाल होते, मग कल्ल्यांतून तपकिरी ढग बाहेर येतो, अर्धवट फुटलेला दाणा बाहेर पडतो आणि लगेच परत आत. हे नॉर्मल आहे. मात्र दाणा थुंकून मासा निघूनच गेला आणि परत फिरकलाच नाही तर दाणा मोठा आहे, फार कडक आहे किंवा जुना होऊन खवट झालाय. कल्ल्यातून फारच भुगा उडत असेल तर दाण्याचा साईज बदला, कारण तो भुगा कुणी खात नाही, सरळ फिल्टरमध्ये जाऊन सडतो.

पॅकेटच्या मागे एवढं काय काय लिहिलेलं असतं, त्यातलं वाचायचं काय?

समोरचा चकचकीत फोटो सोडून द्या आणि पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे पहिली तीन-चार नावंच खरी महत्त्वाची. तिथे अख्खा मासा, फिश मील (सुक्या माशांची भुकटी), क्रिल, झिंगा, किंवा शाकाहारी माशाच्या खाद्यात स्पिरुलिना, केल्प (समुद्री शेवाळ) असं काही दिसलं पाहिजे. गव्हाचं पीठ, मका, सोया वरच्या नंबरला असेल तर तुम्ही पिठाचे पैसे देताय. थोडं पीठ लागतंच हो, त्याशिवाय दाणा बांधला जात नाही, पाण्यात पडल्या पडल्या विरघळेल, त्यामुळे पीठ दिसलं की लगेच नाक मुरडू नका.

एक चलाखी लक्षात ठेवा. गव्हाचं पीठ, गव्हाचं ग्लूटेन, गव्हाचा कोंडा असे तीन तुकडे करून लिहिले की प्रत्येकाचं वजन कमी भरतं आणि फिश मील आपोआप पहिल्या नंबरला येतं, तिन्ही एकत्र धरले तर कदाचित गहूच पुढे असेल. आणि मोठ्या अक्षरात 'स्पिरुलिना' लिहिलेलं असतं तेव्हा ती यादीत कितव्या नंबरला आहे ते शोधा, पुष्कळदा व्हिटॅमिनच्या शेजारी अगदी शेवटी सापडते.

मग तक्ता. त्यात प्रोटीन, फॅट, फायबर, ॲश आणि ओलावा असतो. ॲश म्हणजे जाळल्यावर उरणारी राख, म्हणजे खनिजं, ती फार जास्त असली तर फिश मीलमध्ये मांसापेक्षा काटे-हाडंच जास्त गेलीत असं समजायला हरकत नाही. व्हिटॅमिन सी स्थिर स्वरूपातलं आहे का बघा, ते एस्कॉर्बिल फॉस्फेट वगैरे नावाने असतं, साधं सी लवकर उडून जातं.

प्रोटीन जितकं जास्त तितकं चांगलं ना?

नाही. ढोबळ हिशोब सांगायचा तर शेवाळ खाणाऱ्या मोठ्या माशांना ३० ते ३५ टक्के भरपूर झालं, मिश्र खाणाऱ्यांना ४० च्या आसपास, शिकारी माशांना आणि वाढत्या पिल्लांना ४५ किंवा थोडं वर. त्याच्यावरचं प्रोटीन अंगी लागत नाही, ते अमोनिया होऊन कल्ल्यांतून परत पाण्यात येतं, म्हणजे तुम्ही महागडं खाद्य टाकून टँकचं पाणी खराब करताय. आणि नुसता टक्का बघून काही कळत नाही, सोयाचं प्रोटीन आणि माशाचं प्रोटीन तक्त्यात सारखंच दिसतं पण मांसाहारी माशाच्या पोटाला ते सारखं नसतं. फॅटवर जास्त लक्ष ठेवा असं मी म्हणेन. टँकमधला मासा पोहून पोहून जाणार कुठे, साठलेली चरबी लिव्हरवर येते आणि बाहेरून मासा गुटगुटीत छान दिसत असतो.

फ्लेक्स (पातळ पापुद्रे) की पेलेट (दाणे)? तरंगणारे की बुडणारे?

मोठ्या सिक्लिडला पेलेट, लहान किंवा कोवळ्या माशांना फ्लेक्स किंवा बारीक ग्रॅन्युल. फ्लेक्स पातळ असल्याने त्यातली पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिन्स पटकन निघून जातात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्नला तरंगणारे दाणे चालतात आणि उरलेले काढायलाही सोपं पडतं. जिओफेगससारखे तळाशी खाणारे असतील तर बुडणारेच. जे मासे वर येऊन खाद्यासोबत हवाही गिळतात आणि नंतर वाकडेतिकडे तरंगतात त्यांना हळू बुडणारे दाणे देऊन बघा.

दाणा पोटात जाऊन फुगतो म्हणतात, म्हणून भिजवून द्यावा का? एका ग्लासात दाणा टाकून दहा मिनिटं बघा ना, काही ब्रँड जवळपास आहेत तसेच राहतात, काही दुप्पट होतात. फुगणारा असेल तर देण्याआधी अर्धा मिनिट टँकच्याच पाण्यात बुडवा, तासभर भिजवू नका, व्हिटॅमिन सगळं त्या पाण्यातच राहील.

रंग वाढवणारं खाद्य खरंच काम करतं?

लाल, केशरी, पिवळ्यासाठी हो. हे रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून येतात आणि मासा ते स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळावे लागतात. क्रिल, झिंगा, ॲस्टाझॅन्थिन (असंच एक लाल रंगद्रव्य), स्पिरुलिना असलेलं खाद्य काही आठवडे दिलं की फरक दिसतो. निळा रंग मात्र वेगळाच प्रकार आहे, तो त्वचेतल्या पेशींवर प्रकाश कसा परततो त्याचा खेळ असतो, त्यामुळे 'ब्लू बूस्टर' वाचून फार आशा लावू नका. निळा उठतो तो चांगल्या पाण्याने, शांत टँकने आणि नर दबून राहत नसेल तर. जे नसेल ते खाद्याने येत नाही, असेल ते खुलतं.

दुकानात इंचभराची पीकॉकची पिल्लं पूर्ण रंगात चमकताना दिसली तर सावध, त्यांना हार्मोन दिलेले असू शकतात. घरी आणल्यावर काही आठवड्यांत रंग उतरतो.

फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरच्या उंचवट्याचंही असंच. तो मुळात जीन्सवर आहे, त्यात नर असणं आणि वय यांचा भाग. चांगल्या खाण्याने तब्येत राहते, पण ज्या पिल्लाच्या वंशातच नाही त्याला खास 'हेड' पेलेट घालून डोंगर उभा राहणार नाही, नुसतं पोट सुटेल.

ब्लडवर्म (लाल अळ्या), ट्युबिफेक्स (गाळातले बारीक किडे), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे) यातलं काय द्यावं?

रोजचं जेवण दाणे, आणि हे अधूनमधून वरचं खाणं म्हणून. जिवंत ट्युबिफेक्स मी कुणालाच सुचवत नाही, ते घाण पाण्याच्या गाळात वाढतात, सोबत काय येईल सांगता येत नाही. ब्लडवर्म फ्रोझन घ्या, एंजल, रॅम, डिस्कस खूश, म्बुना आणि ट्रोफियसला मात्र नकोच. (काही माणसांना ब्लडवर्मची ॲलर्जी असते, हाताला खाज, डोळे लाल, तसं झालं तर चिमट्याने द्या.) मोठी आर्टेमिया म्हणजे बरंचसं पाणीच, पोटाला हलकी, पण ताजी फुटलेली बाळं मात्र पौष्टिक. मायसिस झिंगा पीकॉकसाठी मस्त. डॅफ्नियाच्या (पाणपिसवा) कवचाने पोट साफ राहतं, म्हणून आठवड्यातून एकदा बहुतेकांना चालतो. फ्रोझन क्यूब तसाच न टाकता वाटीत वितळवून ते पाणी गाळून टाका, नाहीतर तो लाल रस्सा पाणी बिघडवतो.

ऑस्करला छोटे गोल्डफिश दिले तर? शिकार करतो ते बघायला भारी वाटतं.

बघायला वाटतं खरं. पण फीडर म्हणून विकले जाणारे मासे दाटीवाटीत, आजारी पाण्यात ठेवलेले असतात, परजीवी फुकटात घरी येतात. शिवाय गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी-१ नष्ट करतं, तेच मासे सतत खाऊ घातले तर ऑस्करला त्या व्हिटॅमिनची कमतरता होते. आणि एकदा सवय लागली की हा पठ्ठ्या दाण्याकडे बघत नाही. शिकारीची हौसच असेल तर घरी वाढवलेले झिंगे किंवा स्वच्छ पैदास केलेले किडे द्या, पेस्टिसाइड मारलेल्या बागेतले नकोत.

बीफ हार्ट, चिकन?

डिस्कसवाले बीफ हार्ट वर्षानुवर्षं वापरतात, चरबी आणि शिरा पूर्ण काढून, पिल्लं वाढवताना. वाढ होते यात वाद नाही. पण जनावराची चरबी माशाला नीट पचत नाही, आणि त्या खाण्यानंतर पाणी इतकं पटकन बिघडतं की रोज पाणी बदलायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. माशाला माशाचं, झिंग्याचं मांस द्यावं, हे माझं साधं मत. म्बुनासाठी प्रश्नच येत नाही. ब्रेड, बिस्किट पण नको, विचारणारे असतात म्हणून सांगितलं.

भाज्या कुठल्या आणि कशा?

मटार उकळत्या पाण्यातून काढून, साल सोलून, आतला गर चिमटीत दाबून. काकडी, झुकिनी चकती करून, पालक गरम पाण्यात बुडवून. मीठ-मसाला न लावलेली नोरीची (सुकवलेल्या समुद्री शेवाळाची) शीट काचेला क्लिपने लावली की म्बुना ती ज्या तऱ्हेने ओरबाडतात ते बघत बसावं! पहिले दोन दिवस कुणी तोंड लावणार नाही, लावत नाहीत म्हणून रात्रभर ठेवू नका, काही तासांत काढा आणि दुसऱ्या दिवशी नवीन.

किती आणि कितीदा?

मोठ्या माशांना दिवसातून एकदा किंवा दोनदा, मिनिट-दीड मिनिटात फस्त होईल एवढं. म्बुना-ट्रोफियसला त्याहून कमी पण जास्त वेळा विभागून. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं असा एक अंदाज वापरतात, तंतोतंत नसला तरी हात आखडता घ्यायला उपयोगी. आठवड्यात एक दिवस उपास ठेवला तर मोठ्या माशाचं काही बिघडत नाही. पाणी थंड झालं की पचन मंदावतं, हीटर बंद पडला असेल तर आधी तो बघा, खाणं नंतर.

भूक हा पुरावा धरू नका, शी बघा. घट्ट, खाद्याच्या रंगाची, खाली पडून तुटणारी असेल तर पोट ठीक आहे. पांढरी, पारदर्शक, दोऱ्यासारखी लोंबत राहिली तर लक्ष द्या. एखाद दिवस उपाशी माशाचीही तशी होते, पण दोन-तीन दिवस तेच चाललं तर काहीतरी गडबड आहे.

मलावी ब्लोट (पोट फुगण्याचा आजार) खाण्यानेच होतो का?

एकट्या खाण्याने होतो असं नाही. चुकीचं जड खाद्य, सतत मार खाणं, खराब पाणी यातून आतडं कमकुवत होतं आणि आतले परजीवी उचल खातात असं मानलं जातं, नक्की कारण कुठलं यावर अजून मतभेद आहेत. मासा दाणा तोंडात घेऊन सोडून देतो, कोपऱ्यात थांबतो, पांढरी शी, मग पोट फुगतं आणि श्वास जोरात. पोट फुगायच्या आधी पकडलं तरच बऱ्यापैकी आशा असते. खाणं बंद करा, पाणी बदला, तपासा, आणि मेट्रोनिडॅझोलसारखं औषध जाणकाराला विचारूनच, स्वतःच्या मनाने डोस नको.

ऑस्कर, डिस्कसच्या डोक्यावर छोटे खड्डे पडतात तो वेगळा आजार, त्यातही एकाच प्रकारचं निकृष्ट खाणं आणि नायट्रेट वाढलेलं पाणी हे दोन संशयित कायम असतात.

एकाच टँकमध्ये म्बुना आणि पीकॉक आहेत, आता काय करू?

नाजूक पोटाच्या माशाकडे बघून खाद्य निवडा. पीकॉकला थोडं हिरवं जास्त झालं तर तो तगतो, म्बुनाला रोज क्रिल झालं तर तो अडचणीत येतो. ट्रोफियस असेल तर मात्र वेगळा टँकच बरा, अशी तडजोड त्याच्यावर करू नये.

मादीच्या तोंडात अंडी आहेत आणि ती काहीच खात नाही!

मलावीतल्या माद्या अंडी तोंडातच उबवतात, त्यामुळे खाणार पण नाही, साधारण तीन आठवडे. जबरदस्ती करू नका. पिल्लं सोडल्यावर तिला एकदम भरपेट न देता दोन-चार दिवस थोडं थोडं, हलकं, आणि शक्य असेल तर वेगळ्या टँकमध्ये, कारण अशक्त मादीला नर परत छळायला लागतो.

तिची पिल्लं बऱ्यापैकी मोठी असतात, पहिल्या दिवसापासून दाण्याचा चुरा आणि आर्टेमियाची बाळं खातात, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. डिस्कसची पिल्लं मात्र सुरुवातीला आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात, त्यांना इतक्यात वेगळं काढू नका.

नवीन आणलेला मासा खातच नाही.

दोन-तीन दिवस सोडून द्या. दिवा मंद, आडोसा भरपूर, आणि आधीच्या टँकमध्ये काय खात होता ते विचारून तेच थोडं. अडून बसला तर फ्रोझन मायसिसने सुरुवात करून हळूहळू दाण्यावर आणा, आणि न खाल्लेलं प्रत्येक वेळी काढून घ्या.

मोठा डबा स्वस्त पडतो, घेऊ का?

मासे दोन-तीन महिन्यांत संपवत असतील तर घ्या. उघडल्यापासून हवा, दमटपणा आणि उजेडाने व्हिटॅमिन्स उतरतात, तेल खवट होतं. डबा टँकच्या झाकणावर ठेवायची सवय सोडा, तिथे दिव्याची ऊब आणि वाफ दोन्ही मिळतात. महिन्यापुरतं छोट्या डब्यात, बाकी हवाबंद करून फ्रीझरमध्ये. ओला हात डब्यात नको. वास कुबट आला किंवा दाणे एकमेकांना चिकटले की फेकून द्या.

आठवडाभर बाहेर जायचंय.

मोठे, तब्येतीने चांगले सिक्लिड आठवडाभर आरामात उपाशी राहतात. विरघळणारे पांढरे सुट्टीचे ब्लॉक नकोत, पाणी गढूळ करतात. शेजाऱ्याला सांगणार असाल तर रोजच्या पुड्या बांधून द्या आणि मोठा डबा कपाटात लपवा, कारण त्यालाही मासा उपाशीच वाटणार. ऑटो फीडर लावलात तर निघायच्या आधी दोन दिवस घरी असताना चालवून बघा. टँकमध्ये बारीक पिल्लं असतील तर मात्र कुणीतरी रोज यावंच लागेल.